शंका-समाधान : लिनक्सवर क्लाउड सिंक अडतं कुठं?

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी निवडक आठ प्रश्न या अंकात घेतले आहेत. जवळपास प्रत्येक पत्रात ‘क्लाउड बिघडलंय’ असं म्हटलंय. पत्रं नीट वाचली तर आठांतल्या सहांत क्लाउडचा काही दोष दिसत नाही. घोटाळा आहे तो फोल्डर ज्या डिस्कवर ठेवलंय तिच्या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत), नाहीतर फाइलच्या नावात.

आदेशांची नावं इथं उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. मोठं अक्षर लागतं तिथं तसं सांगितलंय.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. डिझाइनचा संगणक उबुंटूवर चालतो, पण जकार्डच्या सॉफ्टवेअरसाठी त्याच्यावर विंडोजही ठेवलंय. दोन्हीकडून दिसावी म्हणून १ टीबीची दुसरी डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमची केली. क्लाउड अ‍ॅपचं फोल्डर तिच्यावर हलवायला गेलो तर ‘ही फाइल सिस्टिम चालत नाही’ असा संदेश येतो. डिस्क उघडते, फाइल लिहिता येते, मग नाही का म्हणतं?

उत्तर : फाइल लिहिता येणं वेगळं आणि फाइलला टाचण लावता येणं वेगळं. सिंक करणारी काही अ‍ॅप्स प्रत्येक फाइलवर आपली एक खूण ठेवतात. ही खूण फाइलच्या मजकुरात नसते. ती फाइल सिस्टिमच्या ‘एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट’ या कप्प्यात जाते. कुठली फाइल आपल्या ताब्यातली, तिचं शेवटचं काय झालं होतं, हे अ‍ॅप त्यावरून ओळखतं. फॅट३२ आणि एक्सफॅट या साध्या फाइल सिस्टिममध्ये हा कप्पाच नाही. एनटीएफएसमध्ये तशी सोय आहे, पण लिनक्सवर ती कुठल्या ड्रायव्हरमधून आणि कशी मिळते यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून अ‍ॅप बनवणारे त्या भानगडीत पडत नाहीत.

ड्रॉपबॉक्सचं उदाहरण सर्वांना आठवत असेल. ७ नोव्हेंबर २०१८ पासून त्यांनी लिनक्सवर फक्त ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम चालेल असं जाहीर केलं. त्याचं कारण हेच एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट दिलं होतं. खूप ओरड झाली. जुलै २०१९ मध्ये बीटीआरएफएस आणि ई-क्रिप्टएफएस, तसंच ६४ बिट यंत्रणेवर एक्सएफएस आणि झेडएफएस या लिनक्सवरच्या इतर फाइल सिस्टिमना पुन्हा मान्यता मिळाली. गंमत अशी की, वगळलेल्या बीटीआरएफएस आणि एक्सएफएसमध्ये ती सोय आधीपासून होतीच. तेव्हा ‘चालत नाही’ याचा अर्थ दर वेळी ‘जमत नाही’ असा नसतो. ‘आम्ही तपासलेलं नाही’ असाही असतो. एनटीएफएस आणि एक्सफॅट मात्र त्या यादीत कधी आले नाहीत.

तुम्ही आधी खात्री करून घ्या. ‘फाइंडएमएनटी’ या आदेशाला उणे चिन्ह, मोठा ‘टी’ आणि पुढे फोल्डरचा मार्ग द्या. ‘एफएसटाइप’च्या रकान्यात प्रकार दिसेल. तिथं ‘फ्यूजबीएलके’ असेल तर ती बहुधा एनटीएफएस-३जी या जुन्या ड्रायव्हरमधून जोडलेली एनटीएफएस डिस्क असते. ‘एनटीएफएस३’ दिसलं तर कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ पासून आलेला नवा ड्रायव्हर आहे. टाचण लागते का हे पाहायला ‘अ‍ॅटर’ हे पॅकेज घाला, एक रिकामी फाइल करा आणि ‘सेटएफअ‍ॅटर’ने तिला ‘यूजर.चाचणी’सारखी खूण लावून बघा (हेही नाव रोमनमध्येच). ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ आलं की विषय संपला.

आमचा सल्ला सरळ आहे. १ टीबीचे दोन भाग करा. सिंकसाठी ईएक्सटी४, विंडोजशी देवाणघेवाणीसाठी एनटीएफएस. भाग पाडण्याआधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, कारण फॉरमॅट केल्यावर मागचं काही उरत नाही. ईएक्सटी४ करताना ‘एमकेएफएस.ईएक्सटी४’ला ‘-एम ०’ हा पर्याय द्या. एरवी ती ५ टक्के जागा रूटसाठी (प्रशासक खात्यासाठी) राखून ठेवते. ५०० जीबीच्या भागावर ही जागा २५ जीबी होते आणि डेटाच्या डिस्कवर तिचा काही उपयोग नाही. त्यानंतर ‘बीएलकेआयडी’ने यूयूआयडी (त्या भागाचा ओळखक्रमांक) काढून ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये (कुठली डिस्क कुठं जोडायची याची यादी) ओळ घाला, ‘सीएचओन’ने भागाची मालकी स्वतःच्या नावावर करा आणि फोल्डर अ‍ॅपच्याच सेटिंगमधून हलवा. फाइल मॅनेजरमध्ये हातानं ओढून हलवलं तर अ‍ॅपला जुन्या जागी सगळं पुसलेलं दिसतं.

एक मोह टाळा. जागा वाचवायला लिनक्स आणि विंडोज या दोन्हींच्या क्लाउड अ‍ॅपना एकाच एनटीएफएस फोल्डरवर बसवणारे पुष्कळ आहेत. दोन्ही अ‍ॅप्स आपापली वेगळी नोंदवही ठेवतात. विंडोजमध्ये दिवसभर काम करून संध्याकाळी लिनक्स उघडलं की तिथल्या अ‍ॅपला शेकडो फाइल अचानक बदललेल्या दिसतात आणि ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ची (टक्कर झालेल्या फाइलच्या जादा प्रतींची) रांग लागते. विंडोजला त्याची स्वतंत्र प्रत असू द्या.

भाग पाडणं शक्यच नसेल तर एनटीएफएसवर एक मोठी फाइल करून तिच्या पोटात ईएक्सटी४ बसवता येते. ‘ट्रंकेट -एस ४०जी’ने फाइल करायची, तिच्यावर ‘एमकेएफएस.ईएक्सटी४’ चालवायचं आणि ‘माउंट -ओ लूप’ने जोडायची. फॅट३२ वर हे जमणार नाही, तिथं एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. एक्सफॅटवर ४० जीबीची फाइल पहिल्या दिवसापासून पूर्ण ४० जीबी अडवते. शिवाय एक्सफॅटला जर्नल (अर्धवट राहिलेले बदल सावरायला ठेवलेली नोंद) नाही. मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि यूपीएसनं दगा दिला की आतली ईएक्सटी४ सावरेल, पण बाहेरची फाइलच तुटली तर ती काय करणार? तात्पुरती सोय म्हणूनच हा मार्ग वापरा.

आणि एनटीएफएस डिस्क लिनक्समध्ये मधूनच ‘फक्त वाचण्यापुरती’ उघडत असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर अर्धवट स्थिती सोडून झोपतं. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ दिलं की झालं.

प्रश्न : नवी पेठेत आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिकांच्या फाइलला वधू-वरांची नावं, गाव, तारीख असं सगळं मराठीत लिहून ठेवतो. विंडोजवरून क्लाउडवर चढलेल्या फाइली जुन्या उबुंटू संगणकावर उतरतच नाहीत, ‘फाइल नेम टू लाँग’ असं येतं. नाव तर दीडशे अक्षरांच्या आतच आहे.

उत्तर : तुम्ही अक्षरं मोजताय, लिनक्स बाइट मोजतं. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ एककं आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथं एक एकक धरलं जातं. ईएक्सटी४, बीटीआरएफएस, एक्सएफएस यांत मर्यादा २५५ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. चिन्ह म्हणजे काना, वेलांटी, हलंत, अनुस्वार हेसुद्धा. ‘लग्नपत्रिका’ हा शब्द बोलायला पाच अक्षरी. त्यात चिन्हं ११, म्हणजे ३३ बाइट झाले. ‘सोलापूर’ २१ बाइट. शेवटच्या ‘.पीडीएफ’चे रोमन ४ बाइट वजा केले तर नावाला ८३ चिन्हं मिळतात. दीडशे चिन्हांचं मराठी नाव ईएक्सटी४वर बसूच शकत नाही.

‘जुना उबुंटू’ म्हटल्यामुळे आणखी एक शंका येते. होम फोल्डर एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये असायचा, १८.०४ पासून तो काढला. तो घेतलेला असेल तर खाली ई-क्रिप्टएफएस असणार. ती नावंही एन्क्रिप्ट करते, त्यामुळे ती लांबतात आणि तुमच्या वाट्याला २५५ ऐवजी जेमतेम १४३ बाइट उरतात. म्हणजे देवनागरीची ४७ चिन्हं. नुसतं ‘लग्नपत्रिका’ चारदा लिहिलं की १३२ संपले! ‘फाइंडएमएनटी’मध्ये होम फोल्डरचा प्रकार ‘ईक्रिप्टएफएस’ दिसला तर हेच कारण.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. पहिला, नावाची शिस्त. तारीख रोमन आकड्यांत आणि सुरुवातीला लिहा. देवनागरी ‘२०२५’ला १२ बाइट लागतात, रोमन आकड्यांना ४. ‘चि. सौ. कां.’ आणि ‘यांचा शुभविवाह’ हे पत्रिकेत शोभतं, फाइलच्या नावात आडनावं आणि गाव पुरे. एकूण १२० बाइटच्या आत राहा. काठोकाठ भरू नका, कारण टक्कर झाली की अ‍ॅप स्वतःच नावामागे ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ आणि तारीख जोडतं. काही साधनं तर उतरवताना तात्पुरतं शेपूट लावतात. २५० बाइटचं नाव तिथं फुटतं आणि कारण कळत नाही. नावाची लांबी पाहायला ‘प्रिंटएफ’ला अवतरणात नाव देऊन ते ‘डब्ल्यूसी -सी’कडे पाइप करा (दोन्हींच्या मधे उभी रेघ). येणारा आकडा बाइटचा असतो.

दुसरा उपाय, त्या संगणकावर ई-क्रिप्टएफएस सोडा. नवीन उबुंटू घालताना संपूर्ण डिस्क लक्स या डिस्क-एन्क्रिप्शननं एन्क्रिप्ट करा. लक्स फाइल सिस्टिमच्या खालच्या थरात काम करतं. वर साधी ईएक्सटी४च असते, त्यामुळे नावाची मर्यादा आणि एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट या दोन्हींना धक्का लागत नाही. जुनं होम लॉगिन करून उघडलेल्या अवस्थेतच कॉपी करा. तत्पूर्वी ‘ईक्रिप्टएफएस-अनरॅप-पासफ्रेज’ चालवून मिळणारी किल्ली कागदावर लिहून ठेवा.

वनड्राइव्ह वापरणाऱ्यांसाठी जाता जाता : तिथं फोल्डरांसकट पूर्ण मार्गाला ४०० चिन्हांची मर्यादा आहे. ‘ग्राहक’मध्ये ‘तालुका’, त्यात ‘गाव’, त्यात ‘कुटुंब’ अशी उतरंड केली की ती लवकर संपते.

प्रश्न : सांगोल्यात डाळिंब उत्पादकांच्या संस्थेचं काम पाहतो. क्लाउड फोल्डरमध्ये ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाच्या दोन फाइल दिसतात, अक्षर न् अक्षर सारखं नाव. एक पुसली की दुसऱ्या संगणकावरची वेगळीच पुसली जाते. शोधलं तर एकच सापडते. एक संगणक लिनक्स, एक विंडोज, एक जुना मॅक आहे.

उत्तर : एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइल लिनक्सवर राहू शकत नाहीत, म्हणजे ही नावं वेगळी आहेत. फरक आहे ‘ऱ्या’मध्ये. मराठीतला हा अर्धा र, ज्याला काही जण ‘चंद्रकोरीचा र’ म्हणतात, युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिला जातो आणि पडद्यावर तिन्ही हुबेहूब दिसतात.

पहिली तऱ्हा : ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि पुढे हलंत. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि ‘जे’ दाबून हेच येतं. दुसरी : साधा ‘र’, त्याखाली नुक्ता, मग हलंत. युनिकोडच्या नियमानं पहिली आणि दुसरी एकमेकींच्या बरोबरीच्या आहेत. तिसरी : साधा ‘र’, हलंत आणि त्यानंतर न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. काही फोनेटिक कळफलक आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनं ही तिसरी तऱ्हा देतात. नियमाच्या दृष्टीनं ती पहिल्या दोहोंच्या बरोबरीची नाही.

आता तुमचे तीन संगणक बघा. लिनक्सची ईएक्सटी४ नावाकडे फक्त बाइटची माळ म्हणून पाहते, त्यामुळे तीन तऱ्हा म्हणजे तीन फाइल. जुन्या मॅकवरची एचएफएस प्लस नाव साठवताना ते फोडूनच ठेवते, म्हणून पहिल्या तऱ्हेनं लिहिलेलं नाव तिथून दुसऱ्या तऱ्हेचं होऊन बाहेर पडतं. २०१७ पासून मॅकवर एपीएफएस आली. ती दिलेलं नाव तसंच ठेवते, पण दोन्ही तऱ्हा एकच मानते. मधली क्लाउड सेवा आपल्या नियमानं वागते. ड्रॉपबॉक्स अशा वेळी एका फाइलच्या नावात ‘युनिकोड एन्कोडिंग कॉन्फ्लिक्ट’ जोडते. सगळ्याच सेवा इतकं स्पष्ट सांगत नाहीत.

निदान सोपं आहे. वरच्या उत्तरातला ‘डब्ल्यूसी -सी’ वापरा. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द पहिल्या तऱ्हेनं ३३ बाइट होतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेनं ३६. पूर्ण नाव, मधली रिकामी जागा आणि ‘.ओडीएस’ धरून ५० आणि ५३. नाव हातानं टाइप करू नका, नाहीतर तुमच्या कळफलकाची तऱ्हा मोजाल. टॅब दाबून टर्मिनललाच नाव पूर्ण करू द्या. दुसरी की तिसरी हे ओळखायला ‘हेक्सडंप’ला मोठा ‘सी’ हा पर्याय देऊन पाहा. ‘ई२ ८० ८डी’ ही तिकडी दिसली की तो न दिसणारा जोडक आहे. ‘ई० ए४ बीसी’ म्हणजे नुक्ता.

दुरुस्तीआधी सर्व संगणकांवर सिंक थांबवा आणि फोल्डरची प्रत बाहेर काढा. दोन्ही फाइल ‘सीएमपी’नं ताडून पाहा. त्या आतून वेगळ्या असण्याची शक्यता मोठी आहे, कारण एका संगणकावर एकीत आणि दुसऱ्यावर दुसरीत भर पडत गेली असणार. तसं असेल तर आधी हातानं एक यादी करा. हे काम कुठलंही साधन करून देणार नाही.

मग नावं. ‘कॉन्व्हएमव्ही’ (‘कॉन्व्ह’ आणि ‘एमव्ही’ सलग) हे पॅकेज घाला. ‘-आर -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी’ आणि शेवटी फोल्डर असा आदेश द्या. तो आधी फक्त काय बदलेल ते दाखवतो. यादी पटली तर त्याच आदेशाला ‘--नोटेस्ट’ जोडून पुन्हा चालवा. यानं दुसरी तऱ्हा पहिलीत येते. तिसरी मात्र जागची हलत नाही.

तिसरीसाठी एकगठ्ठा नावं बदलणारं साधन लागतं. एक्सएफसीईच्या थुनारमधलं ‘बल्क रीनेम’ पुरेल. ‘र, हलंत, जोडक’ ही तिकडी शोधून तिच्या जागी ‘ऱ, हलंत’ घाला. शोधाच्या चौकटीत ती तिकडी एखाद्या बिघडलेल्या नावातूनच कॉपी करून चिकटवा. इथं घाईत होणारी चूक म्हणजे ‘न दिसणारं चिन्ह’ म्हणून नुसता जोडक काढून टाकणं. तसं केलं की उरलेला ‘र’ आणि हलंत रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर चढतो आणि ‘शेतकऱ्यांची’चं ‘शेतकर्यांची’ होतं. फाइलही तिसरीच होते, शुद्धलेखनही जातं.

‘ज़’, ‘फ़’ अशी नुक्त्याची अक्षरं असलेली हिंदी-उर्दू नावं कोणी ठेवत असेल तर तिथं गणित उलट आहे. ती एकसंध चिन्हं एनएफसी करतानाही (म्हणजे फुटलेली चिन्हं जोडतानाही) फुटतातच. फुटलेलंच रूप प्रमाण समजा. पुढे संस्थेत सगळ्यांनी एकच कळफलक वापरावा, शक्यतो इनस्क्रिप्ट.

प्रश्न : चादरींच्या डिझाइनची ‘६०*९०’ अशी नावं आणि ‘सो.म.पा.’ नावाचं फोल्डर लिनक्सवर चालतं, पण भागीदाराच्या विंडोजवर पोचत नाही. (अशोक चौक)

उत्तर : विंडोजला नावात तारा, प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, दुहेरी अवतरण, उभी रेघ, लहान-मोठी कोनी चिन्हं आणि उलटी तिरकी रेघ चालत नाही. लिनक्सला पुढं झुकलेली तिरकी रेघ सोडून सगळं चालतं. ‘६०×९०’ असं गुणाकाराचं खरं चिन्ह किंवा नुसता रोमन ‘एक्स’ वापरा. ‘सो.म.पा.’चा दोष शेवटच्या टिंबात आहे. विंडोजवर नावाच्या शेवटी टिंब किंवा रिकामी जागा टिकत नाही. ‘सोमपा’ करा. आपल्याकडे ‘कं.’, ‘लि.’, ‘ता.’ असे संक्षेप जागोजागी असल्यानं ही चूक फार आढळते. ‘फाइंड . -नेम’पुढे अवतरणात तारा आणि टिंब दिलं की अशी सगळी नावं सापडतात. सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल तसंच सीओएम आणि एलपीटीपुढे १ ते ९ ही रोमन नावंही विंडोजमध्ये राखीव आहेत.

त्याच पत्रात विचारलंय की मोठ्या ‘डी’चं ‘डिझाइन’ आणि लहान ‘डी’चं ‘डिझाइन’ ही दोन फोल्डरं एकत्र का होतात. लिनक्स त्यांना दोन मानतं, विंडोज आणि बऱ्याचशा क्लाउड सेवा एक. दोन्हीतलं सामान एका फोल्डरात आणा. रोमन नावं कायम लहान अक्षरांतच ठेवा.

प्रश्न : जुळे सोलापूरमध्ये करसल्लागाराचं कार्यालय आहे. क्लाउडचं फोल्डर बाहेरच्या यूएसबी डिस्कवर. वीज जाऊन आली, संगणक सुरू झाला, डिस्क जोडली गेली नाही. अर्ध्या तासात क्लाउडवरचं सगळं रिकामं! असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?

उत्तर : आधी गेलेलं परत आणा. सिंक अ‍ॅप सगळीकडे बंद करा आणि ब्राउझरमधून क्लाउडच्या ट्रॅशमध्ये जा. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्सचं मोफत खातं आणि वनड्राइव्हचं वैयक्तिक खातं यांत पुसलेलं ३० दिवस राहतं, वनड्राइव्हच्या कार्यालयीन खात्यात एरवी ९३ दिवस. यूएसबी डिस्कवरची प्रत तर शाबूत असणारच. ती दुसऱ्या संगणकाला लावून कॉपी काढा, मूळ डिस्कवर अ‍ॅप चालू करू नका.

घडलं ते असं. डिस्क ज्या फोल्डरवर माउंट होते (जोडली जाते) ते फोल्डर डिस्क नसतानाही अस्तित्वात असतं, फक्त रिकामं. अ‍ॅपनं पाहिलं, कालच्या हजारो फाइल आज नाहीत, म्हणजे मालकानं पुसल्या. त्यानं इमानेइतबारे क्लाउडवरही पुसल्या. काही अ‍ॅप्स अशा वेळी थांबून विचारतात, सगळी नाही.

आता ‘एफएसटॅब’कडे वळा. तिथं ‘नोफेल’ हा पर्याय नसेल तर डिस्क नसताना संगणक सुरूच होत नाही, आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर अडकतो. म्हणून सगळे ‘नोफेल’ घालतात, आणि तिथंच हा धोका जन्मतो, कारण आता संगणक डिस्कविना बिनतक्रार सुरू होतो. दोन्ही हवं असेल तर ‘नोफेल’ ठेवा आणि रिकाम्या फोल्डरला कुलूप घाला. डिस्क काढलेली असताना ‘सुडो सीएचअ‍ॅटर +आय’ आणि माउंटच्या फोल्डरचा मार्ग असा आदेश एकदा द्या. त्यानंतर त्या रिकाम्या फोल्डरात रूटलासुद्धा काही लिहिता येत नाही. डिस्क जोडली की ती त्याच्यावर नेहमीसारखी माउंट होते आणि तिच्यात लिहिता येतं. डिस्क नसली की अ‍ॅपला तिथं फोल्डर किंवा नोंदी करता येत नाहीत.

हे कुलूप लिहिणं रोखतं, रिकामं फोल्डर ‘वाचणं’ रोखत नाही. म्हणून दुसरी कडी लावा. अ‍ॅप थेट सुरू होऊ देण्याऐवजी दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवा : ‘माउंटपॉइंट -क्यू’ला मार्ग देऊन तपासा आणि होकार आला तरच अ‍ॅप चालवा. सिस्टमडीची (सेवा सुरू-बंद करणारी लिनक्सची यंत्रणा) सर्व्हिस असेल तर तिच्या ‘युनिट’ विभागात ‘कंडिशनपाथइजमाउंटपॉइंट’ (सलग, पण प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं) ही अट लिहा. आणखी एक, सिंकचं फोल्डर माउंटच्या मुळाशी ठेवू नका, डिस्कच्या आत एक उपफोल्डर करून त्याला द्या. डिस्क नसेल तर ते उपफोल्डरच सापडणार नाही. ‘रिकामं’ आणि ‘नाहीच’ यातला फरक बहुतेक अ‍ॅपना कळतो.

आरक्लोन या क्लाउड-सिंकच्या साधनाचं ‘बायसिंक’ (दोन्ही बाजूंचं सिंक) वापरत असाल तर ‘--चेक-अ‍ॅक्सेस’ घाला. दोन्ही बाजूंना ‘आरक्लोन_टेस्ट’ नावाची फाइल (सगळी अक्षरं मोठी) सापडली तरच ते पुढे जातं. शिवाय निम्म्याहून जास्त फाइल पुसल्या जाणार असतील तर ते आपणहून थांबतं. वनड्राइव्हच्या मुक्त लिनक्स क्लायंटमध्येही अशीच मर्यादा आहे, मूळ आकडा १०००. लहान कार्यालयानं तो १०० वर आणावा.

डिस्क डेस्कटॉपवर क्लिक करून उघडत असाल तर ती ‘/मीडिया’खाली जोडली जाते. तिथं जुनं फोल्डर राहून गेलं असेल तर नावापुढे ‘१’ लागतो. मार्ग बदलतो आणि तोच प्रसंग पुन्हा. सिंकच्या डिस्कला ‘एफएसटॅब’मधली पक्की जागाच हवी.

प्रश्न : विजापूर रोडवर फोटो स्टुडिओ आहे. कॅमेऱ्याच्या कार्डावरून आरक्लोननं फोटो चढवतो. काही दिवशी आधी चढवलेले फोटो पुन्हा सगळेच्या सगळे चढतात. वेळ पाहिली तर बरोबर साडेपाच तासांचा फरक.

उत्तर : साडेपाच तास म्हणजे आपला आणि जागतिक वेळेतला फरक, म्हणजे उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. फॅट३२ फाइलची वेळ स्थानिक घड्याळानुसार लिहिते आणि कुठल्या देशाची ते लिहीत नाही. एका संगणकानं तिला भारतीय वेळ समजलं, दुसऱ्यानं जागतिक, की प्रत्येक फोटो ‘बदललेला’. संगणकाचं आतलं घड्याळ विंडोजसाठी स्थानिक वेळेवर ठेवलं असेल तर हा गोंधळ होऊ शकतो. माउंट करताना ‘टाइम_ऑफसेट=३३०’ द्या, आकडा मिनिटांत आहे. शिवाय फॅट३२ वेळ २ सेकंदांच्या टप्प्यात ठेवते, म्हणून आरक्लोनला ‘--मॉडिफाय-विंडो २एस’ सांगा. सगळ्यात खात्रीचा मार्ग ‘--चेकसम’ : वेळ सोडून मजकुराची बेरीज ताडली जाते. त्याला वेळ लागतो, पण ४० जीबीचं लग्न दोनदा चढवण्यापेक्षा नक्कीच कमी. ३२ जीबीपर्यंतची कार्डं सहसा फॅट३२ असतात, त्याहून मोठी एक्सफॅट.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचं फोल्डर आहे. नव्या फाइल चढत नाहीत, अ‍ॅप बंद करून सुरू केलं की चढतात.

उत्तर : इनोटिफायची (फाइल बदलल्याची वर्दी देणारी लिनक्सची सोय) मर्यादा संपली आहे. बदल कळावा म्हणून अ‍ॅप प्रत्येक उपफोल्डरवर एक पहारेकरी बसवतं. जुन्या कर्नलमध्ये एका वापरकर्त्याला ८१९२ च मिळत. कर्नल ५.११ पासून हा आकडा रॅमप्रमाणे ठरतो. ‘नोड_मॉड्यूल्स’ या जावास्क्रिप्ट प्रकल्पातल्या पॅकेजांच्या एका फोल्डरातच हजारो उपफोल्डरं असतात. ‘/ईटीसी/सिसीटीएल.डी’मध्ये ‘.कॉन्फ’ने संपणारी एक फाइल करून ‘एफएस.इनोटिफाय.मॅक्स_यूजर_वॉचेस=५२४२८८’ लिहा आणि ‘सुडो सिसीटीएल --सिस्टम’ चालवा. प्रत्येक पहारेकरी साधारण १ केबी मेमरी घेतो, पण बसवला तरच. त्याहून बरं म्हणजे ‘नोड_मॉड्यूल्स’ सिंकमधून वगळणं. फोल्डर दुसऱ्या संगणकावरून एनएफएस किंवा सांबानं जोडलेलं असेल तर मात्र आकडा वाढवून उपयोग नाही. तिकडे झालेला बदल इथल्या कर्नलला कळतच नाही. सिंक त्या दुसऱ्या संगणकावरच चालवा.

प्रश्न : नोम डेस्कटॉपच्या ‘ऑनलाइन अकाउंट्स’मधून गूगल ड्राइव्ह जोडलं. ‘फाइल्स’ या फाइल मॅनेजरमध्ये नावं नीट दिसतात, टर्मिनलमध्ये मात्र अगम्य अक्षरं. (बार्शी)

उत्तर : तिथं सिंक होत नाही, ती फक्त खिडकी आहे. गूगल ड्राइव्हमध्ये फाइलची खरी ओळख तिचा आयडी आहे, नाव नुसतं वरचं लेबल. म्हणूनच एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइल तिथं खुशाल राहतात. नोम टर्मिनलला तो आयडी दाखवतं. स्थानिक प्रत हवी असेल तर आरक्लोन घ्या आणि पहिल्या सिंकआधी ‘आरक्लोन डीड्यूप’ चालवून जुळ्या नावांचा निकाल लावा. तो विचारेल कुठली ठेवायची. तारीख आणि आकार पाहून उत्तर द्या.